गिअरच्या पोटातले अस्तर

आम्ही कापडवाले. मोटारीच्या गिअरशी आमचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध सुताचा आहे! 1908 ते 1927 या काळात अमेरिकेत फोर्ड कंपनीने दीड कोटी 'मॉडेल टी' मोटारी बनविल्या. त्यांच्या गिअरमध्ये ड्रमभोवती तीन पोलादी पट्टे असत: एक हळू चालीचा, एक मागे जाण्याचा, एक ब्रेकचा. या पट्ट्यांना आतून विणलेल्या सुती पट्टीचे अस्तर असे. पायाने पेडल दाबले की पट्टा ड्रमला आवळे. सूत झिजून पट्टा ढिला पडला की मालक स्वतःच पाना घेऊन तो कसून घेई.

पुढे ऑटोमॅटिक गिअर आले. पायाचे काम तेलाच्या दाबाने चालणाऱ्या पिस्टनकडे गेले, पट्टा मात्र राहिला. मिस्त्री लोक त्याला बँड म्हणतात. फोर्डच्याच सी-4 गिअरचे (1964 ते 1981) उदाहरण घेऊ. मधला बँड ढिला झाला की पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना इंजिन नुसते ओरडते, गाडी ओढत नाही. मागचा ढिला झाला की रिव्हर्स नीट लागत नाही.

कसण्याचा पेच बाहेरच असतो. जुना लॉकनट काढून नवा लावावा. टॉर्क पान्याने पेच 10 फूट-पौंडांपर्यंत आवळावा आणि मग उलटा सोडावा: मधल्यासाठी पावणेदोन फेरे, मागच्यासाठी तीन. नंतर पेच हलू न देता नट घट्ट करावा. उलटे फेरे कशासाठी? बँड सुटल्यावर ड्रमला घासू नये म्हणून. ढिला बँड घसरून जळतो, जास्त कसलेला घासून जळतो. प्रत्येक गिअरचे माप वेगळे असते, ते कंपनीच्या पुस्तकातूनच घ्यावे.

मात्र पेचाला हात लावण्याआधी तेल तपासावे. पातळी कमी असेल तर आधी ती पुरी करावी. तेल काळे पडून करपल्याचा वास येत असेल तर अस्तर जळाल्याचा संशय धरावा. जळालेले अस्तर कसून परत येत नाही, गिअर खोलावाच लागतो. उलट, जे काम एका पेचाने भागते त्यासाठी पूर्ण गिअर उतरवून हजारो रुपये घेणे ही बेइमानी आहे. आपल्याकडे 2014 साली सेलेरिओबरोबर आलेल्या एएमटी गिअरमध्ये तर असा बँडच नसतो. तिथे बँड कसल्याचे पैसे घेणे म्हणजे न दिलेल्या कापडाचे बिल फाडणे!

आपली कितीतरी मुले गॅरेजमध्ये हुनर शिकतात, काही आखातातही जातात. त्यांना आमचे सांगणे एवढेच: टॉर्क पाना आणि मापाचे पुस्तक जवळ ठेवा, आणि गाडीत खरा बिघाड काय आहे तो गिऱ्हाइकाला आधी सांगा. पुरे माप देण्याची ताकीद आपल्या दीनने दिली आहे. ती कापडाच्या गजाला लागू आहे, तशीच पेचाच्या फेऱ्यालाही. बरकत त्यातच आहे.