सेकंड-हँड हॉट हॅच : खरेदी आणि डागडुजी

रोजची भाजी, शाळेची दप्तरे आणि स्टेशनवरून येणारे पाहुणे असे सगळे वाहून नेणारी छोटी गाडी आणि तिच्या वजनाच्या मानाने बरेच ताकदवान इंजिन, हा मेळ मोटारींच्या जगात ‘हॉट हॅचबॅक’ किंवा नुसते ‘हॉट हॅच’ या नावाने ओळखला जातो, आणि तो जगभर रूढ झाला तो मुख्यतः फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआय या गाडीमुळे. १९७५ साली फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात प्रथम दाखवलेल्या या गाडीत १.६ लिटरचे, ११० अश्वशक्तीचे इंजिन होते. आजच्या हिशेबाने हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु गाडी हलकी होती, वळणांवर ती चालकाच्या मनाप्रमाणे वळत असे, आणि त्याच गाडीने सोमवारी सकाळी कामावरही जाता येत असे. हॉट हॅचचे मर्म इंजिनाच्या शक्तीइतकेच या समतोलात आहे, आणि जुनी गाडी घेताना व घेतल्यावर दुरुस्त करताना हेच मर्म सांभाळायचे असते.

भारतात या प्रकाराला वळण दिले ते करव्यवस्थेने. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरपेक्षा आखूड आणि १२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन असलेल्या गाड्यांना कमी कर लागू झाला, त्यामुळे त्याआधी मुंबईच्या कुर्ल्यात तयार होणाऱ्या फियाट पालिओमध्ये जसे १.६ लिटरचे इंजिन मिळत असे, तसे मोठे इंजिन छोट्या गाडीत बसवणे कंपन्यांना परवडेनासे झाले. त्यातून मार्ग निघाला तो टर्बोचार्जरचा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटे चक्र फिरवून जास्तीची हवा इंजिनात कोंबणारे हे यंत्र लहान इंजिनाकडून मोठ्या इंजिनाचे काम करून घेते. चाकणला तयार झालेली, २०१३ मध्ये बाजारात आलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही १.२ लिटर आणि १०५ अश्वशक्तीची गाडी या वाटेवरची ठळक गाडी होय. पुढे २०१७ मध्ये मारुतीची बलेनो आरएस आणि २०१८ मध्ये टाटाची टियागो जेटीपी आली. २०१५ मध्ये रांजणगावला तयार झालेल्या अबार्थ पुंटोने मात्र कराची मर्यादा ओलांडून १.४ लिटरचे, १४५ अश्वशक्तीचे इंजिन बसवले आणि त्याची किंमतही मोजली. यांपैकी एकही गाडी आज नवीन मिळत नाही. भारतातील पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, बाकीच्या त्याआधीच बंद झाल्या, त्यामुळे या गाड्यांच्या शौकिनाला जुन्या बाजाराचा रस्ता धरण्यावाचून गत्यंतर नाही.

अशा गाडीची जुन्या बाजारातील परीक्षा साध्या गाडीपेक्षा वेगळी असते, कारण तिचा आधीचा मालक बहुधा हौशी असतो. हौशी मालक वेळेवर ऑइल बदलतो, चांगले टायर घालतो, गाडीला जपतो. पण तोच मालक इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून शक्ती वाढवतो, कमानी आखूड करून गाडी खाली बसवतो, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावतो, आणि विकताना मूळ भाग परत बसवून गाडी ‘कंपनीतून आली तशी’ म्हणून समोर ठेवतो. म्हणून सर्वांत मोलाची गाडी म्हणजे जिच्यात काहीही बदल झालेला नाही आणि जिची सर्व्हिसची बिले सलग उपलब्ध आहेत ती, मग तिचा रंग मनासारखा नसला तरी चालेल. बिले नसतील तर चासी क्रमांकावरून अधिकृत सर्व्हिस केंद्रातील नोंद काढून घ्यावी. मीटर मागे फिरवल्याची शंका असल्यास निदान यंत्र जोडून इतर संगणकांत साठलेले किलोमीटर मीटरशी ताडून पाहावेत, कारण मीटर बदलणारा प्रत्येक ठिकाणचा आकडा बदलतोच असे नाही. क्लचच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झालेले आणि मीटरवर मात्र पस्तीस हजार किलोमीटर, अशी विसंगती तर यंत्राविनाही दिसते.

पोलो जीटी टीएसआय घेणाऱ्याने सर्वाधिक वेळ तिच्या गिअरबॉक्सला द्यावा. या सात गिअरच्या स्वयंचलित गिअरबॉक्सला डीएसजी म्हणतात. त्यात दोन क्लच असतात. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा गिअर, तर दुसऱ्याकडे उरलेले सम गिअर आणि रिव्हर्स. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार ठेवलेला असल्यामुळे गिअर बदलताना शक्तीचा प्रवाह जवळजवळ खंडित होत नाही, आणि घाटात ही गाडी चालवणाऱ्याला तो अनुभव विसरता येत नाही. अडचण अशी की हे क्लच कोरडे आहेत, म्हणजे ते थंड करण्यासाठी तेलात बुडवलेले नाहीत. हिंजवडीच्या किंवा घोडबंदरच्या संध्याकाळच्या कोंडीत गाडी इंच-इंच सरकते तेव्हा गिअरबॉक्सचा संगणक क्लच अर्धवट टेकवून घासत ठेवतो, उष्णता साचते आणि क्लचची चकती झिजते. याच्या जोडीला ‘मेकॅट्रॉनिक’ नावाचा भाग असतो, ज्यात गिअर बदलण्याचा निर्णय घेणारा संगणक आणि तो अमलात आणणारी तेलाच्या दाबाची यंत्रणा एकाच पेटीत बसवलेली असते, त्यामुळे एक बिघडले की बहुधा सगळी पेटीच बदलण्याची वेळ येते. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये फोक्सवॅगन समूहाने याच जातीच्या गिअरबॉक्समधील कृत्रिम तेल बदलून खनिज तेल भरण्यासाठी जगभरातील सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या.

म्हणून चाचणी सकाळी, इंजिन रात्रभर थंड राहिलेले असताना सुरू करावी आणि निदान अर्धा तास, शक्यतो गर्दीतून, गाडी चालवावी. थंड गाडी बहुधा चांगलीच वागते. खोट दिसते ती गिअरबॉक्स तापल्यावर. पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना थरथर जाणवणे, चढावर थांबून निघताना हिसका बसणे, रिव्हर्समध्ये टाकल्यावर क्षणभर काहीच न घडणे, किंवा गिअर दाखवणारे अक्षर लुकलुकणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर विक्रेत्याचे ‘सॉफ्टवेअर अपडेट केले की जाईल’ हे आश्वासन बाजूला ठेवून दुरुस्तीचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करावा अथवा गाडी सोडावी. ज्यांचा रोजचा प्रवास कोंडीतलाच आहे, त्यांच्यासाठी २०२० नंतरची १.० लिटर टीएसआय पोलो अधिक सोयीची आहे. तिच्यात एक सिलिंडर कमी असूनही शक्ती ११० अश्वशक्ती आहे, आणि तिचा स्वयंचलित गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे तेलाच्या माध्यमातून शक्ती पुढे देणारा असल्याने सरकत्या गर्दीत तो क्लचसारखा झिजत नाही. अबार्थ, बलेनो आरएस आणि टियागो जेटीपी या हाताने गिअर टाकायच्या गाड्या. त्यांचा क्लच झिजला तरी तो बदलण्याचा खर्च मेकॅट्रॉनिकच्या मानाने पुष्कळ कमी असतो.

इंजिनाच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्यात. टर्बोचे चक्र मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेते आणि त्याला आधार असतो तो फक्त इंजिन ऑइलच्या पातळ थराचा. ऑइल उशिरा बदलले गेले असेल तर त्या उष्णतेत ते करपून वाहिन्या चोंदतात. जोरात वेग घेताना मागून निळसर धूर येणे आणि सायरनसारखी शिटी ऐकू येणे ही थकलेल्या टर्बोची चिन्हे होत. दुसरी गोष्ट थेट इंधन सोडणाऱ्या इंजिनांची, जी टीएसआय पोलो आणि बलेनो आरएसमध्ये आहेत. यांत पेट्रोल हवेच्या झडपांवरून न जाता सरळ सिलिंडरमध्ये पडते, त्यामुळे झडपा धुतल्या जात नाहीत आणि कालांतराने त्यांच्यावर काजळीचे कडक पुट चढते. सकाळी इंजिन अडखळत चालणे आणि पिकअप मंदावणे ही त्याची खूण; त्यावर इलाज म्हणजे इंजिन काही अंशी उघडून झडपा साफ करणे, टाकीत ओतायच्या बाटल्यांनी हे काम होत नाही, कारण टाकीतले काहीच त्या झडपांपर्यंत पोहोचत नाही.

बॉडीची तपासणी करताना रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र हाती असावे. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्या दारावर आकडा चारशेच्या पुढे गेला तर आत पुट्टी आहे असे समजावे. महाराष्ट्रात पुराची तपासणीही टाळू नये. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळूणमध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशी गाडी धुऊन, सुगंध फवारून विकायला येते, पण तिचा सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून पाहिला की गुंडाळीच्या आतल्या भागावर गाळाची फिकट तपकिरी रेघ दिसते, कारण साफ करणाऱ्याचे हात सहसा तिथवर पोहोचत नाहीत. सीटच्या रुळांवरचा गंज आणि फ्यूजच्या डब्यातली हिरवट बुरशीही तीच गोष्ट सांगते.

गाडी घरी आल्यावरचा पहिला खर्च शक्ती वाढवण्यावर होऊ नये, हे इथे आग्रहाने मांडायला हवे. सात-आठ वर्षे आपल्या गतिरोधकांवरून गेलेल्या हॉट हॅचची चपळाई हरवलेली असते ती बहुधा चाकांशी, इंजिनात नव्हे. पुढच्या चाकाला चासीशी जोडणाऱ्या आडव्या दांड्याला लोअर आर्म म्हणतात. त्याच्या टोकांना रबराचे बुश असतात, ते चिरले की ब्रेक दाबताना गाडी किंचित बाजूला ओढते आणि वळणावर स्टिअरिंग सैल लागते. शॉक ॲब्सॉर्बरमधला दाब कमी झाला की गचका बसल्यावर गाडी दोन-तीनदा हलत राहते. बुश, शॉक ॲब्सॉर्बर आणि त्यांच्या वरची माउंटिंग एकाच वेळी बदलून अलाइनमेंट केली, तर गाडी नव्याने घेतल्यासारखी वागू लागते, आणि हा बदल जाणवायला वेग वाढवावा लागत नाही. खाली बसवलेली गाडी मिळाली असेल तर मूळ उंचीच्या कमानी परत घालाव्यात. आखूड कमानींवर शॉक ॲब्सॉर्बरला हालचालीला जागा उरत नाही आणि आपल्या रस्त्यांवर तो लवकर संपतो.

टायरच्या कडेवर कोरलेले चार आकडे वाचावेत. ‘३२१९’ म्हणजे २०१९ सालातला बत्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इतके जुने रबर कडक होते आणि पहिल्या पावसात घसरते. कंपनीने दिलेल्या मापापेक्षा मोठी चाके दिसायला देखणी असतात, पण त्यांच्या टायरची भिंत पातळ असल्याने एका खड्ड्यात फुगा येतो किंवा रिम वाकते, म्हणून रोजच्या गाडीला मूळ मापच योग्य. ब्रेक फ्लुइड, म्हणजे ब्रेकचा दाब चाकांपर्यंत नेणारा द्रव, हवेतला ओलावा शोषतो. तापलेल्या ब्रेकमध्ये त्या पाण्याची वाफ होते आणि ताम्हिणी घाट उतरताना पेडल खाली जाते. तो दर दोन वर्षांनी बदलायचा असतो आणि जुन्या गाडीत तो बदलल्याची नोंद फार क्वचित सापडते. इंजिन ऑइल, कूलंट, प्लग, फिल्टर आणि एसीचा गॅस हे सगळे पहिल्याच आठवड्यात उरकावे.

इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलणे, ज्याला बाजारात रिमॅप म्हणतात, हा मोह पुण्यात सहज पुरा होतो, कारण हे काम जाणणारे लोक इथे आहेत. टर्बो इंजिनात त्याने पीळ झपाट्याने वाढतो हे खरे. पण पोलोचा सात गिअरचा गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरपर्यंतचा पीळ सोसण्यासाठी घडवलेला आहे आणि झिजलेल्या क्लचवर ती मर्यादा आणखी खाली येते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरला ध्वनिप्रदूषणाच्या तरतुदीखाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडापेक्षाही शेजाऱ्यांची झोप आणि रुग्णालयासमोरचा रस्ता यांचा विचार करून तो उतरवणेच उचित.

कागदपत्रांत नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, कर्ज असल्यास बोजा उतरल्याचा नमुना ३५ आणि दुसऱ्या आरटीओतून गाडी आणत असल्यास नमुना २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र लागते. परराज्यातील पासिंगची गाडी स्वस्त दिसते, मात्र महाराष्ट्रात ती नोंदवताना इथला कर नव्याने भरावा लागतो, हे गणित आधी मांडावे. विक्रेत्याने १४ आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. विम्यावरचे नाव बदलण्यासाठी घेणाऱ्याला १४ दिवस मिळतात. दावा न केल्याबद्दलची सवलत मात्र जुन्या मालकाबरोबर जाते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का तेही पाहावे.

शेवटचा प्रश्न इंधनाचा आणि सुट्या भागांचा. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, तर या बहुतेक गाड्या ते पेट्रोल येण्याआधीच्या आहेत. त्यामुळे मायलेज थोडे घटते, आणि इंधनाच्या रबरी नळ्या व सीलना चिरा पडल्या आहेत का हे प्रत्येक सर्व्हिसला तपासून घ्यावे लागते. पोलोचे पुष्कळ भाग व्हेंटो, अमिओ आणि रॅपिड या गाड्यांशी जुळत असल्याने ते अजून सहज मिळतात, अबार्थच्या इंजिनाला लिनिया टी-जेटचा आधार आहे, परंतु थोड्याच संख्येने निघालेल्या गाड्यांचे खास बंपर, सीटची कापडे आणि चाके मिळणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे. म्हणून अबार्थ किंवा जेटीपी पाहताना इंजिनाइतकेच या वरवरच्या वाटणाऱ्या भागांकडे लक्ष द्यावे आणि ते तुटलेले असतील तर बदली भाग प्रत्यक्ष हाती आल्याशिवाय गाडीचा व्यवहार ठरवू नये.