पहिल्या धनुष्यासाठी लाकूड : निवड व पूर्वतयारी

कार्यानुभवाच्या तासाला तीरकामठा करावयाचे ठरले, की मुले आधी दोरी शोधू लागतात आणि हाताला लागेल ती सरळ काठी उचलतात. शिक्षकही बहुधा हेच करतो. प्रस्तुत लेखकाने आपले पहिले धनुष्य ऐन श्रावणात तोडलेल्या ओल्या बांबूचे केले होते. दोन दिवस ते ठीक चालले. तिसऱ्या दिवशी दोरी उतरविली तरी ते वाकलेलेच राहिले, सरळ झालेच नाही. दुसऱ्या खेपेस बांबू वाळलेला घेतला, पण शोभेसाठी त्याची वरची साल तासून गुळगुळीत केली. तो ओढताच मोडला व त्याची चिंबळी गालाला चाटून गेली. डोळा बचावला हे दैव. दोन्ही वेळा हत्यार चांगले होते व मेहनतही कमी नव्हती. चूक लाकूड निवडण्यात व तयार करण्यात झाली होती.

धनुष्य वाकते तेव्हा त्याच्या लाकडात काय घडते, हे प्रथम मुलांना दाखवावे. एका जाड खोडरबरावर शाईने जवळजवळ समांतर रेघा काढाव्यात व तो वाकवावा. बाहेरच्या बाजूच्या रेघा एकमेकींपासून दूर जातात, आतल्या जवळ येतात. धनुष्याची लक्ष्याकडील बाजू, म्हणजे पाठ, अशीच ताणली जाते आणि नेम धरणाऱ्याकडील बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. लाकडाचे धागे टोकापासून टोकापर्यंत अखंड असतील तर पाठ हा ताण सोसते. एखादा धागा मध्येच कापला गेला, तर तेथून चिंबळी उठते व धनुष्य मोडते. यावरून सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो : पाठ तासू नये. जे तासावयाचे ते पोटाकडून व कडांकडून.

आपल्याकडे या कामास योग्य असे लाकूड धामणीचे होय. सह्याद्री व सातपुड्याच्या पानझडी वनांत हे झाड आढळते. त्याचे लाकूड चिवट व लवचीक असल्याने हत्यारांचे दांडे, कावडी, गाड्यांची जुवे यांसाठी ते पूर्वापार वापरले जाते. संस्कृतात या झाडास ‘धनुर्वृक्ष’ असेच नाव आहे. मनगटाएवढी जाड, सरळ व गाठी नसलेली फांदी पाहावी. सालीवरील भेगा खोडाभोवती पिळासारख्या फिरत असतील, तर आतील धागेही पिळलेलेच असतात. ती फांदी सोडून द्यावी. फांदी करवतीने उभी कापण्याऐवजी पाचर ठोकून फाडावी. करवत आपल्या सरळ रेषेने जाते व धागे कापते. पाचर मात्र धाग्याच्या मार्गाने जाते. साल हळूच सोलावी आणि तिच्याखालील थर तसाच ठेवावा, कारण तीच धनुष्याची पाठ. पाठीवर लहान गाठ आलीच, तर ती सपाट करू नये. तिच्याभोवती लाकूड थोडे अधिक रुंद ठेवावे.

धामण सर्वत्र मिळत नाही. बांबू मात्र बहुतेक ठिकाणी मिळतो. तो वनस्पतिशास्त्रदृष्ट्या गवताच्या कुळातला असला, तरी पहिल्या धनुष्यास उत्तम. पोकळ कटांगापेक्षा जाड भिंतीचा, कधी कधी भरीवही असणारा मानवेल घ्यावा. त्याचे वय तीन वर्षांहून अधिक असावे. कोवळ्या बांबूवर पांढरी भुकटी व पेरांवर वेष्टणे दिसतात. जून बांबूचा रंग फिका पडलेला असतो, त्यावर शेवाळाचे डाग असतात व ठोकल्यास टणक आवाज येतो. बांबूतील सर्वांत दाट धागे सालीलगतच असतात. म्हणून साल बाहेर, पोकळ बाजू आत, आणि तासणे फक्त आतून. नंदुरबार, धुळे, पालघर या भागांतील शाळांत भिल्ल, वारली, कातकरी कुटुंबांतील मुले असतात. त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांस एक दिवस आदराने बोलवावे. बांबूचीच पट्टी दोरीसारखी लावलेला भिल्लांचा कामठा पाहिला, की ज्यास आपण शिकविणार असतो त्याच्याच आजोबांपासून आपणास शिकावयाचे आहे, हे ध्यानी येते.

तोड मार्गशीर्ष-पौषात करावी. पावसाळ्यात खोडात ओल अधिक असते व पिठूळ भागाला भुंगे लागतात. बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवल्यास ही भीती बरीच कमी होते. वनातील तोड नियमांस बांधलेली आहे. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. तरीही शेतातील किंवा बाजारातील बांबूच घेणे शाळेला सोयीचे.

तोडल्याबरोबर दोन्ही टोकांना मेण, तैलरंग किंवा शेणमातीचा लेप द्यावा. ओल टोकांतून झपाट्याने निघते व तडे तेथूनच पडतात. मग लाकूड विटांवर, सावलीत व वाऱ्याला ठेवावे. उन्हात मुळीच नको. दर आठ दिवसांनी वजन करून मुलांनी आलेख काढावा. सलग तीन वेळा वजन तेच आले, म्हणजे लाकूड तयार झाले. सरावलेले हातसुद्धा येथे अंदाजाने फसतात. तराजू फसत नाही. वैशाखाच्या कडक उन्हाळ्यात लाकूड फार कोरडे होऊन ठिसूळ होऊ शकते, आणि मृगानंतर ते पुन्हा ओल घेते. म्हणून तासण्याचे काम चैत्रातच उरकावे.

धनुष्याची लांबी मुलाच्या उंचीएवढी असावी. दोरी धनुष्याच्या निम्म्या लांबीपेक्षा अधिक ओढू नये. दोरी लावण्यापूर्वी एक टोक जमिनीवर टेकवून शिक्षकाने स्वतः हलके दाबावे. दोन्ही भुजा सारख्या वाकतात का ते पाहावे व ताठ भुजा पोटाकडून कानशीने थोडी थोडी कमी करावी. किंचितही चरचर ऐकू आली, तर ते धनुष्य बाजूला ठेवावे. मूल कितीही रडले तरी. बाण बोथट टोकाचे असावेत.

एकाच वेळी गरजेच्या दुप्पट फाका वाळत घालाव्यात, कारण काही तडकतीलच. प्रत्येक फाकेवर शिसपेन्सिलीने तोडीची तारीख व मुलाचे नाव लिहावे. उरलेल्या फाका पुढील वर्षीच्या वर्गासाठी माळ्यावर ठेवाव्यात.