जुने दिवस आठवताना आपण नेमकं काय आठवतो?

आजचा विषय घरोघरचा आहे. साठी ओलांडलेली चार माणसं एकत्र बसली, की चहा येईपर्यंत बोलणं शाळेवर येतं, मग गावातल्या पहिल्या मोटारीवर आणि शेवटी कोळशाच्या इंजिनावर. आपण पुणतांब्याबद्दल बोलतो आहोत, तेव्हा आगगाडी येणारच. पण या आठवणी सांगताना आपण नेमकं काय सांगत असतो? ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे ज्ञान आहे, की नुसती हळहळ?

युरोपात या हळहळीला आधी रोग मानलं गेलं. १६८८ साली बाझलच्या योहान्नेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने परमुलखातल्या स्विस लोकांच्या घरओढीला ‘नॉस्टॅल्जिया’ असं नाव दिलं. घरी परतणं आणि वेदना या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांतून त्याने ते घडवलं. तेव्हा ओढ जागेची होती, आज ती काळाची झाली आहे. जागेवर परत जाता येतं, काळावर जाता येत नाही.

आपल्याकडे न्यायदर्शनाने याचा विचार फार बारकाईने केला. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त ज्ञानाचे दोन भाग केले आहेत, अनुभव आणि स्मृती. स्मृती फक्त संस्कारातून उपजते. संस्कार म्हणजे अनुभवाचा मनावर राहिलेला ठसा. आता ठसा कशाचा राहतो? ज्याच्याकडे आपलं लक्ष होतं त्याचा! म्हणून स्मृती खरी असूनही अपुरी असू शकते. हा मुद्दा धरून आपल्या तिन्ही आठवणी तपासून बघू.

आधी शाळा. पाटी-पेन्सिल, पावकी, निमकी, पाऊणकी, आणि शेवटी अकरावीची मॅट्रिक. अपूर्णांकांचे हे पाढे आम्ही घोकले, पण ते आले होते सोळा आण्यांच्या रुपयातून आणि शेर-पायलीच्या मापातून. १९५७ साली दशमान नाणी आली आणि त्या पाढ्यांचं बाजारातलं काम हळूहळू संपलं. आम्हांला मात्र त्यांची लय आठवते. वर्गातल्या ज्या मुली चौथीनंतर दिसेनाशा झाल्या, त्या कुठे गेल्या हे आम्ही तेव्हा कुणाला विचारलं नाही. त्यामुळे त्याचा ठसाही नाही.

दुसरी मोटार. गावात एखाद्या बागाईतदाराची जीप, नाहीतर डॉक्टरांची फियाट. पुढून हँडल मारून गाडी सुरू करायची, आणि आम्ही पोरं फुफाट्यात मागे धावायचो. त्या काळी फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाच्या दारात मोटार उभी राहू लागली. आज त्या थांबण्यालाही आपण गोड म्हणतो. पण रात्री बाळंतपणाला अडलेल्या बाईला बैलगाडीतून तालुक्याला नेणाऱ्यांनी त्या थांबण्याला काय म्हटलं असतं?

तिसरी आगगाडी. आपला दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला. मुंबईहून निघणाऱ्या दोन लोहमार्गांना त्याने घाटमाथ्यावरच जोडलं, त्यामुळे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या गाडीला थळ घाट आणि बोरघाट उतरून-चढून जायची गरज उरली नाही. १८७६-७८चा मोठा दुष्काळ तेव्हाच पडला, आणि या मार्गाच्या मातीकामावर दुष्काळी माणसं राबली. आम्हांला आठवते ती शिट्टी, डोळ्यांत जाणारी कोळशाची कणी, तिसऱ्या वर्गाची लाकडी बाकं. तिसरा वर्ग १९७४ साली गेला, पुढे वाफेची इंजिनंही गेली. ज्या भरावावरून आमची गाडी धावली, तो उपाशी माणसांनी घातला होता, हे खिडकीतून दिसत नव्हतं.

मग काय, जुन्या दिवसांबद्दल बोलूच नये? तसं नाही. आपण खरोखर हरवलेलं काहीतरी शोधत असतो. फलाटावर गाडी उशिरा यायची तेव्हा अनोळखी माणसं भाकरी सोडून एकमेकांना देत. आपल्याला हवी आहे ती माणसांची ही सवड. कोळसा, हँडल आणि लाकडी बाक नव्हे. एकदा हा फरक कळला की ‘आमच्या वेळी’ हे नातवंडांना मारलेलं टोमणं राहत नाही. सवड आजही काढता येते.

आणि आठवण अपुरी असते, तर ती पुरी कशी करायची? दुसऱ्याच्या आठवणीने. घरात मोठी बहीण, आत्या असेल, शेतावरचा जुना गडी असेल, त्यांना विचारा, त्याच गाडीचं, त्याच शाळेचं तुम्हांला काय आठवतं? उत्तर ऐकताना कदाचित थोडं अवघडल्यासारखं होईल. तरी विचारा. ती माणसं थोडी उरली आहेत आणि त्यांची स्मृती कुठे लिहिलेली नाही.

पुणतांब्यात गोदाकाठी चांगदेवांची समाधी आहे. कथा आपल्याला ठाऊक आहे. चौदाशे वर्षांच्या या योग्याने ज्ञानदेवांना पत्र पाठवलं, पण मायना सुचेना म्हणून कागद कोराच गेला. एवढं जगूनही हा कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाल्याचं परंपरा सांगते. नुसती वर्षं साठली म्हणून शहाणपण येत नाही, हे आपल्या गावाला फार पूर्वीच सांगून झालेलं आहे. कथेत पुढे चांगदेव वयाचा मोठेपणा बाजूला ठेवून त्या लहान मुलीकडून शिकले. आपल्यालाही तेवढं जमायला हरकत नाही.