तेजही फसवं, मेघही फसवा

७-८ जूनला मृग लागतो, पेरणीची लगबग सुरू होते, आणि दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, "मग आता रात्री मृग छान दिसत असेल, नाही का?" नाही दिसत. मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात गेला. तेव्हा ते सूर्याबरोबरच उगवतं आणि त्याच्याबरोबरच मावळतं. मृग बघायचा तर डिसेंबर-जानेवारीत, जेवणं उरकल्यावर गच्चीवर जायचं. हरणाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे लगेच सापडतात. त्यांच्या दक्षिणेला फिकट ठिपक्यांची आणखी एक छोटी ओळ आहे. तिच्यातला मधला ठिपका जरा पुसट, ओल्या बोटाने फिसकटल्यासारखा. साधी द्विनेत्री लावली तरी कळतं, हा एकटा तारा नव्हे. हा मृगातला तेजोमेघ, सुमारे १३०० प्रकाशवर्षं दूर.

तेजोमेघ हा शब्द देखणा आहे, पण या विषयातले निम्मे गैरसमज त्यानेच करून ठेवलेत.

आधी मेघाचं बघू. सिनेमातलं यान तेजोमेघात शिरलं की माळशेज घाटातल्या श्रावणासारखं धुकं दाटतं आणि पुढचं दिसेनासं होतं. प्रत्यक्षात तसं यान तेजोमेघात शिरलं तर आतल्यांना पत्ताही लागणार नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात. मृगातल्या तेजोमेघात तेवढ्याच जागेत असतात साधारण काही हजार कण. हजारच धरा आणि पृथ्वीएवढा तुकडा कापून तराजूत टाका. वजन भरेल दोन टनांच्या आत. एखादी भरलेली जीप! तरीही तो दिसतो, कारण आपली नजर त्याच्या कित्येक प्रकाशवर्षं जाडीतून आरपार जाते, आणि एवढ्या वाटेवरचं विरळसुद्धा साठत साठत दिसण्याजोगं होतं.

आता तेज. तेजोमेघ पेटलेला असतो, असं अनेकांना वाटतं. तिथे काहीच जळत नाही. मृगातल्या तेजोमेघाच्या मधोमध चार तरुण ताऱ्यांचा चौकोन आहे. त्यातला सर्वांत दणकट तारा सूर्याच्या सहा-सातपट तापलेला आहे. त्याचे अतिनील किरण भोवतालच्या हायड्रोजनमधले इलेक्ट्रॉन उडवून लावतात. ते परत अणूत बसताना जो प्रकाश बाहेर पडतो, तो आपण बघतो. तारा गेला की दिवाही गेला.

रंगांबद्दल तर हमखास भांडण होतं. हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेले गरुड तेजोमेघातले धुळीचे खांब ज्याने पाहिलेत, तो दुर्बिणीतून मृगातला राखाडी-हिरवट डाग बघून हिरमुसतो आणि विचारतो, "म्हणजे ते फोटो खोटे?" खोटे नाहीत. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग जवळजवळ कळत नाहीत, कॅमेरा मात्र प्रकाश साठवत बसतो. शिवाय त्या प्रसिद्ध चित्रात गंधकाचा प्रकाश लाल, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा असं ठरवून रंगवलं आहे. हायड्रोजनची ती रेषा एरवी लाल असते. टीव्हीवरच्या नकाशात मुसळधार पावसाचा पट्टा लाल दाखवतात. म्हणून कुणी लाल पाऊस पडला म्हणत नाही.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो गैरसमज वेगळाच आहे: जिथे झगमगाट, तिथेच ताऱ्यांचा जन्म. खरं तर झगमगाट ही बाळंतपण उरकल्याची खूण. मृगातला उजळ डाग हा मागच्या प्रचंड काळ्या, थंडगार मेघाच्या पृष्ठभागावरचा नुसता फोड आहे. तारे जन्मतात त्या काळोखात. तापमान शून्याखाली सुमारे २६० अंश सेल्सिअस असतं, म्हणून वायूचा दाब कमी पडतो आणि गुरुत्वाकर्षणाला मेघ आत ओढता येतो. सूर्यासारख्या ताऱ्याला आकुंचन पावत स्थिरस्थावर व्हायला काही कोटी वर्षं लागतात. भोवती धुळीची चकती उरते, तिच्यातून पुढे ग्रह होऊ शकतात. मृगातल्या तेजोमेघात हबलने अशा दीडशेच्या वर चकत्या टिपल्या आहेत. मोठी भावंडं मात्र जन्मल्या जन्मल्या आपल्या किरणांनी आणि वाऱ्यांनी पाळणाच मोडायला घेतात. मेघातला बहुतेक वायू तारा न होताच उधळला जातो.

हे काळे मेघ म्हणजे आकाशाला पडलेली भोकं, असं खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेललाही वाटलं होतं. मागचे तारे धुळीने झाकले जातात, एवढंच.

याच हर्शेलने दुसरा घोळही घातला. दुर्बिणीत ग्रहासारखी दिसणारी काही गोल बिंबं त्याला सापडली आणि नाव पडलं ग्रहीय तेजोमेघ. ग्रहांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. मराठीतला बिंबाभ्रिका हा शब्द त्या मानाने प्रामाणिक. सूर्यासारखा तारा म्हातारपणी फुगतो, बाहेरची आवरणं सोडून देतो आणि मधे श्वेत बटू उरतो. सोडलेली आवरणं दहा-वीस हजार वर्षं चमकतात आणि विरून जातात. आपल्या सूर्याचं सुमारे पाच अब्ज वर्षांनी हेच होणार. स्फोट नाही, धमाका नाही.

स्फोट होतो तो सूर्याच्या साधारण आठपटीहून जड ताऱ्यांचा. १०५४ साली चिनी ज्योतिष्यांनी वृषभेत असा 'पाहुणा तारा' नोंदवला. तो २३ दिवस भरदिवसा दिसत होता. आज तिथे खेकडा तेजोमेघ आहे. मधोमध ताऱ्याचा चेपलेला गाभा सेकंदाला तीसदा गिरक्या घेतोय. फुटलेल्या ताऱ्याचीच राख गोळा होऊन तिथेच नवा तारा जन्मेल, हा पुनर्जन्माचा हिशेब मात्र चुकीचा. ती राख दूरवर पसरते, इतर वायूत मिसळते, आणि कोट्यवधी वर्षांनी भलत्याच एखाद्या थंड मेघात जाऊन पडते.

मृगातच तांबडा काक्षी आहे, म्हणजे बीटलज्यूज. २०१९ च्या अखेरीस तो एकाएकी मंदावला आणि आता फुटणार अशी आवई उठली. निघाली त्यानेच सोडलेली धूळ. तो फुटेल हे नक्की, पण त्याला अजून लाखभर वर्षंही लागू शकतात. फुटला की काही महिने दिवसाही दिसेल. ऐन मृगात फुटला तर मात्र आपली पंचाईत, कारण तेव्हा आपल्या आकाशात खरेखुरे मेघ असतील.