मास असाइनमेंट आणि परवानगीसूची

संकेतस्थळावरील अर्जातून आलेली सर्व माहिती डेटाबेसमधील नोंदीत एकाच वेळी भरण्याच्या पद्धतीला मास असाइनमेंट असे म्हणतात. या पद्धतीत अनधिकृत माहिती नोंदीत शिरू नये, म्हणून वेब फ्रेमवर्कमध्ये स्वीकारार्ह रकान्यांची यादी, म्हणजेच परवानगीसूची, वापरली जाते.

धोका

अर्जात दिसणाऱ्या रकान्यांचीच माहिती सर्व्हरकडे येते, हा समज चुकीचा आहे. ब्राउझरकडून जाणाऱ्या विनंतीत वापरकर्ता स्वतःहून आणखी रकाने जोडू शकतो. उदाहरणार्थ, नांदेडचा एखादा विद्यार्थी लातूरच्या महाविद्यालयासाठी ऑनलाइन अर्ज भरतो, अशी कल्पना करू. अर्जात नाव, पत्ता आणि विषय विचारले आहेत. परंतु त्याच नोंदीत ‘शुल्क भरले’ व ‘प्रवेश निश्चित’ हे कार्यालयाने भरावयाचे रकानेही आहेत. आलेले सर्व काही जसेच्या तसे नोंदवले गेले, तर विनंतीत ‘प्रवेश निश्चित : होय’ एवढी भर घालून प्रवेश मिळवता येईल आणि गुणवत्तेनुसार पात्र असलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याची जागा जाईल.

इतिहास

४ मार्च २०१२ रोजी येगोर होमाकोव्ह या रशियन प्रोग्रामरने गिटहब या संकेतस्थळावर हा दोष दाखवून दिला. सार्वजनिक किल्ली नोंदवण्याच्या अर्जात दुसऱ्या सदस्याचा क्रमांक जोडून त्याने रूबी ऑन रेल्स प्रकल्पात लिहिण्याचा अधिकार मिळवला. त्यानंतर २०१३ मध्ये आलेल्या रेल्स ४.० या आवृत्तीत ‘स्ट्राँग पॅरामीटर्स’ ही व्यवस्था समाविष्ट झाली.

कार्यपद्धती

रेल्समध्ये ‘रिक्वायर’ ही सूचना आवश्यक माहिती आली आहे की नाही हे पाहते, तर ‘परमिट’ ही सूचना नमूद केलेले रकाने ठेवून उर्वरित वगळते. लॅरावेलमध्ये हेच काम ‘फिलेबल’ यादी करते. जँगो १.८ पासून मॉडेलवर आधारित अर्जात कोणते रकाने घ्यावयाचे किंवा वगळावयाचे, हे स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे. वगळण्याची यादी मात्र कमी सुरक्षित ठरते. कारण पुढे नोंदीत नवा रकाना जोडला आणि तो यादीत घालायचा राहिला, तर तो आपोआप खुला होतो.

मर्यादा

परवानगीसूची रकाना स्वीकारायचा की नाही एवढेच ठरवते. त्यातील मजकूर खरा आहे की नाही, हे नाही. विद्यार्थ्याने स्वतः भरलेले गुण परवानगीसूचीतून पुढे जातात. ते गुणपत्रिकेशी ताडून पाहण्याची व्यवस्था स्वतंत्रपणे करावी लागते.