जुन्या मोटारसायकलींचा धंदा : आधी कागद, मग पाना

भंगाराच्या भावाने जाणाऱ्या जुन्या मोटारसायकलींना अलीकडे हौशी गिऱ्हाईक मिळू लागले आहे. राजदूत, जावा, येझदी, लोखंडी इंजिनाची बुलेट, यामाहा आरएक्स १०० या गाड्या लोक गावोगाव शोधत फिरतात. पारनेरसारख्या तालुक्याच्या गावी फिटर, लेथवाले, वेल्डर, रंगारी, सीट शिवणारे आणि नंबरप्लेट रंगवणारे अशा सर्वांना यातून काम मिळू शकते. मात्र हा धंदा नुसत्या पाना-पक्कडीचा नाही. तो कागदाचा, हिशेबाचा आणि विश्वासाचाही आहे. या तिन्हींत चूक झाली तर चांगल्या कारागिराचेही भांडवल अडकते.

गाडीची ओळख

प्रत्येक गाडीचा स्वभाव वेगळा असतो. एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ ही पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली. इंजिन साधे, दोन स्ट्रोकचे आणि गिअर तीन. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात दिसलेली छोटी राजदूत आजही त्याच नावाने ओळखली जाते. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा व पुढे येझदी तयार झाल्या आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. त्यांची किक आणि गिअर एकाच दांड्यावर चालतात. आरएक्स १०० ही १९८५ ते १९९६ या काळातली. आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर नगर-दौंड रस्त्यावर कारखाना असलेल्या कायनेटिक इंजिनिअरिंगची १९७२ ची लुनाही आता हौसेची वस्तू झाली आहे. नवख्याने सुरुवात लुना किंवा राजदूतपासून करावी. यंत्र सोपे असल्याने शिकताना नुकसान कमी होते.

खरेदीपूर्वी कागद

पारनेर तालुका अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आरटीओच्या एमएच १६ मध्ये येतो. गाडी स्वस्त मिळते म्हणून लगेच पैसे देऊ नयेत. आरसी पुस्तकातील इंजिन नंबर व चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहावेत. पुस्तकावर कर्जाचा बोजा आहे का, कर भरला आहे का, नोंदणी रद्द झाली आहे का आणि जुनी नोंद आरटीओच्या संगणकात चढली आहे का, याची चौकशी करावी. कागद नसलेली गाडी चोरीची निघाल्यास घेणाराही अडचणीत येतो.

मालक हयात असेल तर हस्तांतरणासाठी २९ व ३० नंबरचे फॉर्म लागतात. मालक मयत असेल तर वारसाने ३१ नंबरचा फॉर्म भरून गाडी आधी आपल्या नावावर करून घ्यावी. वडिलांच्या नावावरची गाडी मुलाने परस्पर विकली, असे व्यवहार खेड्यात पुष्कळ होतात आणि पुढे घेणारा फसतो. पुस्तक हरवले असल्यास दुय्यम प्रतीसाठी २६ नंबरचा फॉर्म आहे.

दुचाकीची नोंदणी १५ वर्षे चालते. नंतर २५ नंबरच्या फॉर्मवर अर्ज केल्यास ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ३०० वरून १,००० रुपये झाले होते. शिवाय महाराष्ट्रात जुन्या गाडीला पर्यावरण कर लागतो. हा सर्व खर्च खरेदीच्या भावातच धरावा.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीसाठी २०२१ मध्ये वेगळे नियम आले. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. परंतु अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. ती प्रदर्शनात वा रॅलीत न्यावी, एवढाच हक्क मिळतो. गिऱ्हाइकाला रोज बाजारात फिरायचे असेल तर त्याला हे आधीच सांगावे.

काम करताना

फ्रेम घासताना किंवा पावडर कोटिंगला देताना चेसिस नंबरावर जाड पट्टी चिकटवावी आणि आधी फोटो काढून ठेवावा. घासून नंबर पुसला गेला तर गाडी कितीही चकचकीत असो, तिची किंमत भंगाराचीच. इंजिन बदलायचे असेल तर आरटीओची परवानगी घ्यावी.

बरीच वर्षे उभ्या असलेल्या दोन स्ट्रोकच्या गाडीत क्रँकचे ऑइल सील कडक होतात. तेथून हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते आणि पिस्टन ब्लॉकमध्ये पकडतो. म्हणून नुसता ब्लॉक बोअर करून भागत नाही. सील व बेअरिंग बदलावेत आणि कनेक्टिंग रॉडचा खेळ तपासावा. पहिल्याच वेळी जास्त बोअर मारू नये. पुढच्या दुरुस्तीसाठी ब्लॉकमध्ये लोखंड शिल्लक राहिले पाहिजे.

आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते पाणी ओढते, त्यामुळे जुनी टाकी आतून गंजते आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करावेत, आणि नळ्या नव्या टाकाव्यात.

नफ्याचा खरा हिशेब

समजा, गाडी २०,००० ला घेतली. सुटे भाग १८,०००, क्रोम-रंग-लेथचे बाहेरचे काम १२,०००. एकूण ५०,००० झाले आणि गाडी ६०,००० ला विकली. दहा हजार नफा दिसतो. पण त्यात स्वतःचे शंभर तास गेले असतील तर तासाला शंभर रुपये एवढी ती फक्त मजुरी झाली. सहा महिने अडकलेल्या पैशाला काहीच सुटले नाही. म्हणून नवख्याने स्वतः गाडी घेण्याऐवजी गिऱ्हाइकाची गाडी दुरुस्तीला घ्यावी, सुट्या भागांची रक्कम आगाऊ घ्यावी आणि कामाची यादी लिहून त्यावर त्याची सही घ्यावी. पुण्याच्या जुन्या बाजारातून किंवा अन्यत्र सुटे भाग आणताना शक्य तेथे बिल मागावे.

गाडी हाती देताना

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असतो. नव्या गाडीची सवय असलेला माणूस घाईत ब्रेकऐवजी गिअर दाबतो. ड्रम ब्रेकला गाडी थांबवायला अंतरही जास्त लागते. सुपा किंवा नगर रस्त्यावरच्या अवजड वाहतुकीत हे जिवावर बेतू शकते. तेव्हा गिऱ्हाइकाला आधी मोकळ्या मैदानात सराव करायला लावावा. विमा व पीयूसी असल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू देऊ नये.

शेवटी विश्वासाची गोष्ट. कोणता भाग मूळचा, कोणता नकली, इंजिन किती वेळा बोअर झाले, हे बिलावर लिहून द्यावे. दोष लपवून विकलेली एक गाडी दहा गिऱ्हाइके तोडते. दोष सांगून विकणाऱ्याकडे मात्र पुढचे गिऱ्हाईक पुण्या-नगरहून पत्ता विचारत येते.