लोकर म्हणावी की तंतू?

दिवाळी सरली की आमच्या घरी आई 'लोकर' आणते आणि सुया काढते. यंदा गुंड्यावरची चिठ्ठी मी सहज वाचली. तिच्यावर 'शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक' असे छापले होते. म्हणजे या लोकरीचा मेंढीशी काडीइतकाही संबंध नाही! वर्गात आयात-जकातीचा विषय चालूच होता. तेव्हा या वस्तूला जकातखाते काय म्हणते ते पाहावे, म्हणून ग्रंथालयातून सीमाशुल्काचे जाडजूड पुस्तक मागवले. एक नाव शोधायला गेले आणि चार-पाच हाती आली.

अ‍ॅक्रिलिकचा जन्म प्रॉपिलीन आणि अमोनिया यांच्यापासून होणाऱ्या अ‍ॅक्रिलोनायट्राइल या द्रव्यातून होतो. तंतूत वजनाने किमान ८५ टक्के भाग याचा असला तरच त्याला अ‍ॅक्रिलिक म्हणायचे. ३५ पासून ८५ टक्क्यांच्या आत असेल तर तो मोडॅक्रिलिक. हे द्रव्य तापवले तर नीट वितळण्याआधीच बिघडते, आणि विरघळवावे तर विरघळत नसे. अमेरिकेच्या ड्यू पाँट कंपनीत १९४१ साली त्याला योग्य द्रावक सापडला, तेव्हा कुठे त्याचे तंतू ओढता आले. 'ऑर्लॉन' या नावाने ते १९५० पासून कारखान्यात निघू लागले.

आता जकातीचे पुस्तक. ब्रुसेल्स येथे १९८३ मध्ये झालेल्या करारातून वस्तूंची एक सामाईक वर्गवारी तयार झाली व ती १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली. तिचे पहिले सहा आकडे सर्व सभासद देशांत सारखेच. आपण भारतात पुढे दोन जोडतो. तिच्या ५५ व्या प्रकरणात आपला अ‍ॅक्रिलिक आहे, पण एका जागी नाही. बारीक भोकांच्या चकतीतून निघालेल्या हजारो अखंड धाग्यांचा दोरखंडासारखा जुडगा, ज्याला गिरणीत 'टो' म्हणतात, तो ५५०१.३० मध्ये. तोच कापून आखूड केला की ५५०३.३०. ते आखूड तंतू पिंजले, विंचरले किंवा अन्य रीतीने कताईसाठी तयार केले की ५५०६.३०. पुढे पीळ देऊन सूत झाले की ५५०९. रसायन तेच, रंगही तोच. हात किती फिरला एवढ्यावर नाव बदलते.

यातली ५५०३ आणि ५५०६ मधली सीमा मला सर्वांत रंजक वाटली. तंतू रंगवला म्हणून तो 'प्रक्रिया केलेला' होत नाही. कारण रंगवणे ही कताईची तयारी नव्हे. उलट टोचा जुडगा यंत्रात ताणून तोडला आणि तंतू समांतर राखून त्याचा जाडसर पेळू काढला, तर तो मात्र ५५०६ मध्ये जातो. गिरणीवाले त्याला 'टॉप' म्हणतात. आपल्या आज्या टकळीसाठी कापसाचे पेळू करीत, तसाच हा, फक्त लांबलचक. आणखी एक गंमत म्हणजे टोचा जुडगा दोन मीटरहून लांब असलाच पाहिजे. त्याहून आखूड निघाला तर त्याची रवानगी ५५०३ मध्ये. मोजपट्टीने वस्तूचे नाव ठरते हे आम्हा कलाशाखेच्या मुलांना नवलाचेच.

हा शब्दच्छल नाही, पैशांचा प्रश्न आहे. गुजरात आणि उत्तर प्रदेशात अ‍ॅक्रिलिक तंतूचे कारखाने आहेत. लुधियानात त्याचे सूत आणि स्वेटर होतात. तंतू बनवणाऱ्याला परदेशी तंतू महाग हवा असतो. सूतगिरणीला तंतू स्वस्त आणि परदेशी सूत महाग हवे. विणणाऱ्याला सूतच स्वस्त हवे. एकाचा पक्का माल हा दुसऱ्याचा कच्चा माल. म्हणून जकातीची रेघ कोणत्या टप्प्यावर ओढली यावर कोणाची चूल पेटते ते ठरते. शिवाय एकाच नावावर जकात वाढवली तर व्यापारी माल एक पायरी पुढे किंवा मागे आणून पाठवील. चीनने जुलै २०१६ मध्ये जपान, कोरिया आणि तुर्कस्तानच्या अ‍ॅक्रिलिक तंतूंवर, ते फार स्वस्तात ओतले जातात म्हणून, जादा जकात बसवली. तेव्हा टो, आखूड तंतू आणि पिंजलेले तंतू ही तिन्ही शीर्षके एकदमच धरली. पळवाट बुजवण्याचा हाच मार्ग मला सरळ दिसतो.

मिश्रणाचे काय? ज्याचे वजन जास्त त्याचे नाव. पेळूत साठ टक्के अ‍ॅक्रिलिक आणि चाळीस टक्के मेंढीची लोकर असेल, तर पुस्तकाच्या लेखी सगळाच अ‍ॅक्रिलिक. हे प्रमाण प्रयोगशाळेत काढतात. डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये अ‍ॅक्रिलिक विरघळतो आणि लोकर शिल्लक राहते. ती वजन करून घ्यायची. १९४१ साली उपयोगी पडलेला द्रावक तो हाच! घरी याहून सोपी कसोटी आहे. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो व राख चिमटीत चुरगळते; अ‍ॅक्रिलिकचा मात्र काळा कठीण मणी उरतो.

मी आईच्या गुंड्याचे टोक काडीने पेटवून पाहिले. मणी उरला. किरकोळ विक्रीसाठी गुंडा बांधलेले असे सूत ५५०९ मध्येही राहत नाही, ते ५५११ मध्ये जाते. आणि त्याचा स्वेटर झाला की प्रकरणच बदलते, ६१ वे. आईला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "आधी ती काडी विझव, आणि लोकर इकडे दे."